मदत हवी आहे : व्हायोलाचा अल्टो क्लेफ सहजपणे कसा वाचावा?

व्हायोलिननंतर मी व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) हाती घेतला असून, व्हायोलिनच्या ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत कोणत्या रेषेवर कोणता स्वर, हे ठरवणारे चिन्ह) ज्या मधल्या रेषेवर ‘बी’ असतो तिथे अल्टो क्लेफमध्ये ‘मिडल सी’ (पियानोच्या मधोमधचा ‘सी’) येतो, हा नियम मला ठाऊक आहे. व्हायोलिनच्या थर्ड पोझिशनची (डावा हात तारांवर थोडा पुढे सरकवून वाजवण्याची जागा) बोटे कल्पून वाचण्याची युक्ती (खरे तर पळवाटच) मी वापरून पाहिली. बोट योग्य तारेवर पडते, पण स्वराचे नाव उमगत नाही आणि शार्प-फ्लॅट (स्वर अर्ध्या पायरीने चढवणारी-उतरवणारी चिन्हे) आले की सारे कोलमडते. मला रोज अर्धाच तास मिळतो, जवळ शिक्षक नाहीत आणि व्हायोलिनचे वाचनही बिघडू द्यायचे नाही. तेव्हा ही युक्ती सोडून सी, जी, डी, ए या मोकळ्या तारांच्या खुणा धरून नव्याने शिकावे का, आणि उंच स्वरांसाठी मध्येच ट्रेबल क्लेफ येतो तेव्हा आपण नेमके काय करता?