मशरूमच्या पफ पॅनेल रूममध्ये वायफाय टिकत नाही, कोणता एपी (ॲक्सेस पॉइंट, वायफाय पसरवणारं यंत्र) घ्यावा?

अळंबीकर:
मंडळी, मदत हवी आहे. नारायणगावजवळ आमचं बटन मशरूमचं छोटं युनिट आहे. सहा रूम, प्रत्येक साधारण ६० बाय २० फूट, मधून पॅसेज. भिंती आणि छत पफ पॅनेलचं, आत फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा. आत लोखंडी रॅक, पाच-पाच मजले. आर्द्रता कायम ८५-९० टक्के, पीक असताना तापमान १६-१७ अंश. प्रत्येक रूममध्ये तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइडचा वायफाय सेन्सर.

गेल्या वर्षी पॅसेजमध्ये घरगुती राउटर लावला. दार उघडं तोवर सेन्सर दिसतात, दार लावलं की गायब. मग तीन नंबरच्या रूममध्ये रॅकच्या वर दुसरा राउटर टांगला. पाणी लागू नये म्हणून वडिलांनी त्याला स्पॉनची (मशरूमच्या बियाण्याची) रिकामी पिशवी घातली. पंधरा दिवसांत पिशवीच्या तळाशी चमचाभर पाणी, अडीच महिन्यांनी पोर्टातल्या पिना हिरव्यागार आणि राउटर बंद. आम्ही तेव्हा लग्नाला गेलो होतो. त्याच दोन दिवसांत फ्रेश एअरचा डॅम्पर (ताजी हवा आत घेणारी झडप) अडकला, कार्बन डायऑक्साइड चढत गेला आणि फोनवर अलार्म काही आला नाही. परत येऊन दार उघडलं तर पहिल्या फ्लशला (पिकाच्या पहिल्या बहराला) लांबच लांब देठ आणि वर टिकलीएवढ्या टोप्या. माल निम्म्या भावात गेला.

आता एकदाच नीट करायचंय. बजेट ३५ हजार. प्रत्येक रूमला आयपी६७ आउटडोअर एपी लावू, की साधा एपी वॉटरप्रूफ डब्यात बसवू? दुकानदार म्हणतो मेश घ्या, वायर ओढायला नको. शिवाय पीक निघाल्यावर आम्ही कुकआउट करतो, ६५-७० अंशांवर वाफ, आठ-दहा तास. तेव्हा एपीचं काय करायचं?

बेदाणावाला:
तासगावला कोल्ड स्टोअरेज बघतो, त्यामुळे पफचा छळ ओळखीचा आहे. दोन्हीकडून पत्रा म्हणजे झाकण लावलेला डबाच. मेशची युनिटं एकमेकांशी हवेतूनच बोलतात, पत्रा त्यांनाही आडवा येणार. मेश विसरा.

आयपी६७ वरही भिस्त नको. तो आकडा धूळ आणि बाहेरून येणाऱ्या पाण्यासाठी. तुमचा वैरी बाष्प आहे. गरम-थंड होताना डबा श्वास घेतो, ग्लँडमधून (केबल आत येते त्या बुचातून) ओली हवा ओढतो आणि पाणी आतच सुटतं. वडिलांच्या पिशवीत तेच झालं (आमच्याकडेही झालंय, फक्त पिशवी खताची होती).

माझं मत, रेडिओ आत नेऊच नका. आरएस-४८५ चे (वायफायऐवजी तारेवरून आकडे पाठवणारे) सेन्सर घ्या. दोन तारांवर सगळे सेन्सर ओळीने जोडता येतात, लांबी हजार मीटरपर्यंत चालते. गेटवे (सेन्सरचे आकडे नेटवर्कवर देणारा डबा) पॅसेजमध्ये कोरड्या जागी. कुकआउटच्या आधी सेन्सर काढून घ्यायचा, उघड्या कनेक्टरला टोपण लावायचं. सहा वेळा चक्कर मारायची, बाकी काही नाही.

अळंबीकर:
हे पटतंय. पण तोडणीची पोरं मालाचं वजन फोनवर टाकतात, त्यांना वायफाय लागणारच ना?

तारवाला:
वजनकाटा कुठे आहे?

अळंबीकर:
पॅसेजमध्ये. 😅 हे डोक्यातच आलं नाही.

तारवाला:
मग पॅसेजच्या दोन टोकांना दोन एपी, संपलं. २.४ गीगाहर्ट्झला एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ६, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. पॅसेजही धुतला जात असणार, म्हणून आउटडोअर मॉडेल घ्या. पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच एपीला वीज देणारा) घेताना एपी ४८ व्होल्टवाला आहे की २४ व्होल्ट पॅसिव्ह, ते आधी बघा. केबल पूर्ण तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती पीओईला नको. एपीकडे जाताना केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, पोर्टात जाणार नाही.

कधी एखाद्या रूममध्ये आतच सिग्नल हवा झाला, तर ज्याचे अँटेना निघतात असा एपी बाहेर ठेवून फक्त अँटेना आत घ्या. टीपी-लिंकच्या ईएपी२२५-आउटडोअरचे निघतात. जोडकेबल मीटरभरच ठेवा. पॅनेलचं भोक न्यूट्रल सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला खातं.

अळंबीकर:
सेन्सर ४८५ चे मागवतो, पॅसेजला दोन एपी. शेवटचा प्रश्न, एएचयूचा (हवा खेळवणाऱ्या यंत्राचा) व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, त्याच भिंतीवर आहे. ४८५ ची वायर त्याच ट्रेमधून नेली तर चालेल?

बेदाणावाला:
अजिबात नाही. वेगळी ट्रे, मोटरच्या केबलपासून फूटभर तरी लांब, ओलांडायचीच झाली तर काटकोनात. शील्डेड ट्विस्टेड पेअर (एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, वर धातूचं आवरण म्हणजे शील्ड) घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर विसरू नका, आमच्याकडे त्यापायी चार दिवस गेले होते.