अंपायरसाठी चेस्ट प्रोटेक्टर: माप कसं ठरवायचं? शनिवारच्या आत मदत हवी आहे

निळू_डॅलस
चेस्ट प्रोटेक्टर घ्यायचा आहे, अंपायरचा. ऑनलाइन ११ इंच, १३ इंच अशी मापं दिसतात, पण ती कशाची ते कुठेच धड लिहिलेलं नाही. सध्या एक आहे, पण मागच्या शनिवारी बॅटला घासून मागे आलेला चेंडू थेट कॉलरबोनवर बसला. काळंनिळं झालंय. येत्या शनिवारी लागोपाठ दोन मॅच आहेत, म्हणजे आजच ऑर्डर टाकायला हवी. कडक शेलचा घ्यावा की मऊ फोमचा? कृपया थेट माप सांगा.

प्लेटमागचा
थेट माप कसं सांगणार? बेसबॉल की सॉफ्टबॉल? मुलं किती वर्षांची? उंची, बांधा? सध्याचा प्रोटेक्टर कुठला?
ते इंच म्हणजे सहसा प्रोटेक्टरची उभी लांबी असते, गळ्यापासून पोटापर्यंतची. छातीचा घेर नव्हे.
मी न्यू जर्सीत अकरा वर्षं प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागच्या बाजूला, अंपायर म्हणून उभा राहतोय. माझं मत विचाराल तर कडक शेलच. विल्सन कंपनीचं ‘गोल्ड’ मॉडेल वापरतो. चेंडू लागतो, आवाज येतो, मी पुढचा कॉल देतो.

बेएरियाकर
प्रत्येकाला कडक शेल कशाला? तुम्ही हायस्कूलच्या मॅच करता. लहान मुलांच्या लीगला चांगला फोम पुरतो, वजनाला हलका आणि शर्टाखाली दिसतही नाही. डॅलसच्या उन्हात दोन मॅच करायच्या तर घामाचाही विचार करा.

प्लेटमागचा
ऊन दोन्हीत लागतंच. कडक प्लेट चेंडूचा मार पसरवते, खालचा फोम तो शोषतो. नुसत्या फोममध्ये सगळा मार एकाच जागी बसतो.

निळू_डॅलस
सॉफ्टबॉल आहे. आमची मुलगी खेळते, १२ वर्षांखालचा गट. सध्याचा प्रोटेक्टर टीमच्या कॅचरचा (बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्या खेळाडूचा) जुना आहे, लीगच्या पेटीतून घेतलेला.

प्लेटमागचा
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! कॅचरचा प्रोटेक्टर अंपायरने घालायचाच नाही. कॅचर खाली बसतो, चेंडू अंगावर घेऊन पुढ्यात पाडणं हे त्याचं काम, त्याचा प्रोटेक्टर त्यासाठी बनतो. अंपायर कॅचरच्या डोक्यावरून बघतो. बॅटला घासून वर उडालेला चेंडू त्याच्या खांद्यावर, गळ्यापाशी येतो. म्हणून अंपायरच्या प्रोटेक्टरमध्ये कॉलरबोन आणि खांद्यांवर वेगळ्या प्लेट्स असतात.

खानदेशी
जळगावला शाळेकडून सॉफ्टबॉल खेळलो. टीममध्ये एकच प्रोटेक्टर, तो कॅचरला. अंपायर सर नुसता मास्क लावून उभे राहायचे. नावात सॉफ्ट असलं तरी १२ इंच घेराचा तो चेंडू १७८ ते १९८ ग्रॅम भरतो. बेसबॉल दीडशेच्या आतच. सरांच्या दंडावरचे वळ अजून आठवतात. कंजूषी करू नका.

कसोटीप्रेमी
क्रिकेटच्या अंपायरनाही हे आता लागणारच. २०१६ च्या आयपीएलमध्ये ब्रूस ऑक्सनफर्ड हाताला पारदर्शक ढाल बांधून उभे होते. सरळ फटका आला की अंपायरला पळायला वेळच नसतो. यावर बोर्डाने नियम करायला हवा.

बेएरियाकर
वेगळा धागा काढा, तिथे बोलू. पण संरक्षणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, विकत घेताना नॉक्सीची (NOCSAE, खेळाच्या साहित्याची सुरक्षा-मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) खूण बघा. अमेरिकेत हायस्कूल बेसबॉलमध्ये २०२० पासून ती सक्तीची आहे.

प्लेटमागचा
सक्ती कॅचरच्या प्रोटेक्टरला आहे. आणि ती कसोटी छातीवरच्या आघाताने हृदयाचा ताल बिघडण्यासंबंधी आहे. कॉलरबोन उघडी राहिली तर ती खूण काय करणार? यांचा प्रश्न मापाचा आहे.

हाडवैद्य
मापाआधी एक विचारतो. हात डोक्यापर्यंत वर जातो का? हाडावर बोट फिरवलं तर एखाद्या ठिकाणी कळ येते का, उंचवटा लागतो का? तसं असेल तर आधी एक्स-रे, शनिवारचं नंतर बघू.

निळू_डॅलस
मला नाही लागलं. बायकोला लागलंय, अंपायर ती आहे. हात वर जातो, पण बॅग उचलताना दुखतं म्हणते. आज संध्याकाळी अर्जंट केअरला नेतो.

मंजिरी_ह्युस्टन
निळूभाऊ, हे आधी कळलं असतं तर सगळ्यांनी वेगळंच सांगितलं असतं. मी पाच वर्षं मुलींच्या सॉफ्टबॉलला अंपायर आहे. मिळणारे बहुतेक प्रोटेक्टर पुरुषांच्या सपाट छातीच्या हिशेबाने घडवलेले असतात. बाईने घातला की मधली प्लेट पुढे ढकलली जाते, वरची कड अंगापासून सुटते आणि नेमकी कॉलरबोनपाशी फट पडते. तुम्ही १३ घेतलात तर ती आणखी वाढेल. वहिनींची उंची किती?

निळू_डॅलस
पाच फूट दोन.

मंजिरी_ह्युस्टन
मग ११ घ्या. एकसंध प्लेट नको, तुकड्यातुकड्यांची, वाकणारी हवी. आला की आरशासमोर ताठ उभं राहून बघू नका, सगळे इथेच चुकतात. मॅचला घालतात तीच स्पोर्ट्स ब्रा, तोच आतला टीशर्ट, मास्क, आणि स्लॉटमधल्या पोझिशनमध्ये (कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या जागेतून बघतात तसं) वाकायला सांगा. वाकल्यावर प्रोटेक्टर खाली घसरतो. त्या अवस्थेत कॉलरबोन पूर्ण झाकली पाहिजे. आधी खांद्याच्या पट्ट्या ओढून वरची कड गळ्यापाशी आणा, मग बाजूच्या. पाठीवरची जोडणी दोन्ही खांद्यांच्या मधोमध यायला हवी. आधी बाजूच्या ओढल्या की बाजू घट्ट होतात आणि वर फट तशीच. गळ्याशी एक बोट जाईल इतकीच जागा ठेवा, मान वळवताना काचायला नको. मास्कला गळ्याचं गार्ड आहे ना?

प्लेटमागचा
मंजिरीताईंचं बरोबर आहे. मी १३ च सांगणार होतो. वहिनींना अजून एक सांगा, बॅट फिरताना खांदे वळवायचे नाहीत. छाती चेंडूकडे सरळ ठेवायची. वळलं की प्लेट नसलेली बाजू समोर येते.

बेएरियाकर
बूट कुठले आहेत? स्टील टो असलेले घ्या.

निळू_डॅलस
एक्स-रे झाला. हाड शाबूत आहे, मुका मार. डॉक्टर म्हणाले शनिवारी उभं राहायचं की नाही ते दुखण्यावर ठरवा. पहिली मॅच तिने सोडली आहे.
११ चा मागवला, शुक्रवारी येतोय. कडक, पण तुकड्यांचा. मास्कला गार्ड नव्हतं, तेही घेतलं. तोवर जुना घालून स्लॉटमध्ये उभी राहिली, तेव्हा कॉलरबोनपाशी माझी चार बोटं आत गेली. इतके दिवस ती तसाच घालून उभी होती.

मंजिरी_ह्युस्टन
जुना लीगला परत देताना त्यावर "फक्त कॅचरसाठी" लिहून द्या. शर्ट कुठल्या मापाचा आहे? प्रोटेक्टरवरून एक माप मोठा लागतो.

निळू_डॅलस
लीगने स्मॉल दिलाय.

मंजिरी_ह्युस्टन
आजच मीडियम मागून घ्या.