मदत हवी आहे: अंगकाठी बारीक, तरी शुगर, आणि डॉक्टर विचारतात जन्माचं वजन!

पाझरतलाव:
नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितोय.

वय ५२, उंची १६५ सेंमी, वजन ५८ किलो. आयुष्यभर काडीपैलवान म्हणून ओळख. कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर १४८ आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ७.४ आलं. आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह नाही. घर माळकरी, त्यामुळे दारू-तंबाखू, मटण-अंडी काही नाही. गोडाची आवडही नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, "तुला शुगर? मग आमचं काय?"

डॉक्टर बाईंनी कमरेला टेप लावली, ९३ सेंमी भरली. मग विचारलं, "जन्मताना वजन किती होतं?" मला हसू आलं. आमच्याकडे जन्मतारीखसुद्धा मास्तरांनी ठरवलेली, १ जून. वर्गातल्या अर्ध्या पोरांची तीच. जन्म माण तालुक्यात, ७३ च्या उन्हाळ्यात, घरी सुईणीच्या हातून. म्हणजे ७२ चा दुष्काळ मी आईच्या पोटात काढला. ती तेव्हा दुष्काळी कामावर पाझर तलावाची माती वाहायची. खायला कामावर वाटायचे ती सुकडी आणि मिलो, ती बाहेरून आलेली लाल ज्वारी. हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "संबंध असू शकतो," मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी लिहून दिली आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

खरंच संबंध असतो का? वजन कमी कर म्हणायला मुळात वजनच नाही, मग मी करायचं काय? आणि खरी काळजी: मुलीला पाचवा महिना चालू आहे. तिच्यापर्यंत, तिच्या बाळापर्यंत हे पोचतं का?

आणखी एक. मी फोनवर आईला जन्माच्या वजनाचं विचारलं. कशाला ते सांगितलं. ती म्हणाली, "मंजी माज्यामुळंच की रं." तेव्हापासून नीट बोलत नाही.

उगाचच:
माझे काका ७२ चेच, वजन ८० किलो, शुगर नॉर्मल. दुष्काळाने मधुमेह झाला असता तर अख्खा माणदेश इन्सुलिनवर असता. पन्नास वर्षं खुर्चीत बसायचं, संध्याकाळी वडापाव हाणायचा आणि बिल आईच्या पोटावर फाडायचं, हे सोयीचं आहे.

गवतीचहा:
आहारतज्ज्ञ आहे, गरोदर बायकांसोबतच जास्त काम असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

संबंध आहे, आणि त्यावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला, आणि पुढे त्यांची मुलं मोठी होईपर्यंत तपासत राहिले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी जवळजवळ शाबूत. बाळ दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. पोटात असताना खायला कमी मिळालं की शरीर मेंदू वाचवतं आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्यावर काटकसर करतं. ते दुष्काळात उपयोगी पडतं. पन्नाशीत खुर्ची आणि दोन वेळचा भात आला की तेच अंगाशी येतं.

याज्ञिकांचा आणि डॉ. युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! म्हणून तुमच्या बाईंनी काट्यावर विसंबून न राहता टेप काढली. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी, बाईची ८० च्या.

उगाचच, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी धान्य अडवलं, उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीत तपासलं तर साखर पचवण्याची ताकद कमी निघाली. हे कळू शकलं कारण तिथल्या दवाखान्यांनी जन्माच्या नोंदी जपल्या होत्या. पण तिथेही सगळ्यांना मधुमेह झाला नाही. धोका वाढतो, एवढंच. वडापावचा वाटा आहेच.

पाझरतलाव, तुमच्यासाठी: वजन घटवायचं नाही, स्नायू वाढवायचे आणि पोट उतरवायचं. नुसतं चालणं पुरणार नाही. उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, काहीतरी ताकदीचं आठवड्यातून दोनतीनदा. ताटात डाळ, उसळ, दही, ताक वाढवा, भात-भाकरी त्या मानाने कमी. आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. माळकरी घर, त्यात मेटफॉर्मिन चालू. त्या गोळीनेही बी-१२ उतरतं.

उगाचच:
अर्धा बरोबर, घेतलं. पण मग "मी दुष्काळातला" म्हणून लोक हातपाय गाळून बसतात, त्याचं काय?

गवतीचहा:
बसणारे कशानेही बसतात हो.

आक्का_विट्याची:
मी ७४ ची. आईच्या गोष्टीवर बोलते, बाकीचं जाणकार सांगतीलच.

वजन किती होतं हा प्रश्न त्या पिढीला परीक्षेसारखा वाटतो. माझ्या आईला मी विचारलं होतं, "कामावर मुकादम कोण होता? सुकडी तिथंच खायच्या की घरी आणायच्या?" मग दोन तास बोलायची थांबली नाही. त्यातच कळलं की स्वतःच्या वाटची सुकडी ती पदरात बांधून थोरल्यांसाठी आणायची. तुमच्या आईला सांगा, पाऊस तिने पाडायचा नव्हता. आणि फोनवर नको, गावी जाऊन बोला.

पाझरतलाव:
सगळ्यांचे आभार. आक्का, रविवारी जाऊन आलो. मुकादमावरून सुरुवात केली, थेट तगाईच्या कर्जापर्यंत पोचलो! जेवली आमच्यासोबत. निघताना विचारते, "पोरीला काय खायला घालायचं ते इच्यार त्या बाईला." तर गवतीचहा, तेच विचारतो. लेकीचं सासरही शाकाहारी. सासूबाई डिंकाचे लाडू आणि दोघांचं खा म्हणून मागे लागल्यात.

गवतीचहा:
आईंना माझा नमस्कार सांगा.

पुण्याच्या त्याच अभ्यासात एक गोष्ट दिसली. बाईने किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध निघाला. दोघांचं खाण्यापेक्षा हे रोज ताटात हवं. लाडू एखादा चालेल, ताटभर नको. धुणं, पाणी भरणं, शेतातलं काम अशी अंगमेहनत जास्त असलेल्या बायकांची बाळं लहान निघाली, हेही तिथेच दिसलं. तेव्हा जड कामं टाळायची; चालणं-फिरणं मात्र चालू.

दुसरं, साखरेची चाचणी. आपल्या सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, जेवलेलं असलं तरी चालतं, आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी सोडायची नाही. वडिलांना मधुमेह आहे हे तिने डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आणि बाळ झाल्यावर, ते लहान असलं तर पुढच्या बालपणात त्याला भराभर गुटगुटीत करायची घाई करू नका. पहिल्या दोन वर्षांत बारीक आणि त्यानंतर बालपणात झपाट्याने वजन वाढलेली मुलं मोठेपणी जास्त धोक्यात येतात, हे दिल्लीतल्या दीर्घ अभ्यासात दिसलंय. सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

पाझरतलाव:
जावयाला गोळ्यांची पाकिटं वाचायला लावली. लोह, फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियम आहे. बी-१२ चा उल्लेख कुठेच नाही. चालेल का?

गवतीचहा:
हे विचारलंत ते बरं झालं. पुण्याच्या अभ्यासात दोन तृतीयांश गरोदर बायकांचं बी-१२ कमी होतं. फॉलिक भरपूर आणि बी-१२ कमी, अशा आयांची मुलं सहाव्या वर्षी तपासली, तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं.

पण म्हणून फॉलिक बंद करायचं नाही, ते बाळाला हवंच आहे. मनाने नवी गोळीही सुरू करायची नाही. पुढच्या भेटीत तिने सांगावं की मी जन्मापासून शाकाहारी आहे, बी-१२ तपासूया का. कमी निघालं तर डोस डॉक्टरच ठरवतील. पुढची भेट कधी आहे?

पाझरतलाव:
सोमवारी. पाकिटांचे फोटो घेऊन जायला सांगतो. माझंही रक्त त्याच दिवशी देतो, आकडा आला की इथेच टाकेन.