लुक्लाला अडकलेत, थांबायचं की पायी उतरायचं?

रामबागवाली (इंदूर)
माझे दीर आणि जाऊबाई एव्हरेस्ट बेस कॅम्प करून नेपाळात लुक्लाला, डोंगरातल्या त्या छोट्या विमानतळाच्या गावी, उतरलेत. परवापासून ढग हटत नाहीत, एकही विमान आलेलं नाही. बरोबरचे काही जण खालच्या सुर्के गावाकडे पायी उतरून जीप धरणार म्हणतात. हेलिकॉप्टरवाले माणशी भरमसाट पैसे मागताहेत. जाऊबाईंचा उजवा गुडघा सुजलाय, दिरांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. काठमांडू-दिल्ली तिकीट शनिवारचं आहे. इकडे सासूबाई देवापुढून उठत नाहीत. फोनवर काय सांगू त्यांना?

राजेंद्रनगरकर (इंदूर)
ताई, आधी सासूबाईंना सांगा, माणसं सुखरूप आहेत. बेस कॅम्प 5,364 मीटरवर, लुक्ला 2,845 वर. विरळ हवेचा धोका मागे पडला. आता फक्त वाट बघायची आहे, आणि तीच जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. इंदूरच्या मंडळींना घेऊन मी तिकडे जातो, असा अडकलोही आहे.

विमान का येत नाही, हे त्यांना नीट समजावा. ती धावपट्टी जेमतेम 527 मीटरची, चढ जवळजवळ 12 टक्के, आणि वरच्या टोकाला थेट डोंगर. उतरायला घेतलं की पुन्हा उचलून घिरटी मारायला जागाच नाही. वैमानिकाला पट्टी डोळ्यांनी दिसलीच पाहिजे. ढगात विमान न पाठवणारा माणूस तुमच्याच माणसांची काळजी घेतोय.

आता कामाचं. आभाळ उघडलं की आधी त्या दिवसाच्या तिकीटवाल्यांना बसवतात. मागे राहिलेल्यांना उरलेल्या जागा नाहीतर जादा फेरी. म्हणून दिरांनी आज संध्याकाळीच लॉजवाल्याला सोबत घेऊन विमान कंपनीच्या ऑफिसात जावं आणि दोघांची नावं लिहून घ्यावीत. लॉजवाल्याशी गोडीनं राहावं, तिथे त्याच्या शब्दाला वजन असतं. उजाडायच्या आत सामान बांधून तयार राहावं. उड्डाणं सकाळचीच, दुपारकडे वारा सुटतो आणि ढग चढतात.

सुजलेल्या गुडघ्यानं सुर्केची उतरण मुळीच नको. ओल्या दगडांच्या पायऱ्या, समोरून खेचरांची रांग, तिला वाट द्यायला डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. पुढे ठामडांड्याला जीप मिळते, पण पावसात तो रस्ता चिखलाचा. त्याच रस्त्यावरच्या सल्लेरी गावाहून काठमांडूला आणखी एक अख्खा दिवस. धडधाकट माणसानं खुशाल जावं. जाऊबाईंनी नाही.

गोळीच्या पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव फोटो काढून मागवा. तिथे कंपनी वेगळी असेल, औषध तेच मिळतं. लुक्लात दवाखाना आहे, गुडघाही दाखवून घ्यावा. आणि शनिवारचं तिकीट आजच पुढे ढकला.

मांजलपूरकर (वडोदरा)
हेलिकॉप्टरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ढग थोडे विरळले की पुष्कळदा विमानाआधी तेच उडतं. गुडघा सुजलाय, गोळ्या संपताहेत, तर पाच जण मिळून खर्च वाटून घ्यावा. फक्त पैसे निघताना द्यावेत, आदल्या रात्री नाही. विमा बहुतेक वेळा आजारपणाचंच हेलिकॉप्टर देतो, हवामानाचं नाही, हे आधी विचारून घ्या.

आणखी एक. हंगामात लुक्लाची विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथली विमानतळावर उतरतात. तिथून काठमांडू गाडीनं चार-पाच तास. तिकीट कुठलं आहे ते बघा, नाहीतर पुढच्या विमानाचा हिशोब चुकतो.

रामबागवाली
तिकीट मंथलीचंच निघालं! दिरांनी नावं लिहून घेतली आहेत, गोळीही मिळाली. दिल्लीचं तिकीट सोमवारवर गेलं. जवळचे नेपाळी रुपये मात्र संपत आलेत.

राजेंद्रनगरकर
सोमवारही बेताचाच आहे, बुधवार मिळाला तर घ्या. आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा दर ठरलेला आहे, लॉजवाल्याला तेवढं सांगावं. एटीएम आहे, पण अशा हवेत वीज नाहीतर नेट जातं, म्हणून चालू दिसलं की लगेच काढून ठेवावेत. विमान उडालं की इथे कळवा, आम्हीही वाट बघतोय.