मदत हवी आहे: बाल्ब/सी उंदरांतल्या एनके पेशी कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी. परळच्या एका लॅबमध्ये एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. उंदरांच्या प्लीहेतल्या एनके पेशी (नॅचरल किलर, म्हणजे बाधित पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) फ्लो सायटोमेट्रीवर (चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून लेझरने एकेक पेशी तपासायचं तंत्र) मोजायच्या आहेत. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांमध्ये एनके१.१ हे एनके पेशींवरचं ओळखीचं प्रथिन (मार्कर) स्पष्ट दिसलं, बाल्ब/सी जातीमध्ये काहीच नाही. दोन आठवडे मी अँटिबॉडी खराब झाली असंच समजत होते. मग कळलं, बाल्ब/सीमध्ये या प्रथिनाचं रूपच वेगळं, त्यामुळे एनके१.१ साठी वापरलेली पीके१३६ अँटिबॉडी तिथे चिकटतच नाही.

आता मार्कर म्हणून सीडी४९बी वापरू की एनकेपी४६? सीडी४९बी काही टी पेशींवरही असतं, म्हणून सीडी३ (टी पेशींचा मार्कर) असलेल्या पेशी वगळतेच आहे. पण दोन्ही जातींची तुलना एकाच मार्करवर व्हावी असं फार वाटतं. कुणी प्रत्यक्ष केलंय का? अँटिबॉडीचा कोणता क्लोन (विशिष्ट प्रकार), किती प्रमाणात? मुंबईत कुणाकडे चाचणीपुरती अँटिबॉडी असेल तर बर्फाचा डबा घेऊन लगेच येईन.