टीव्हीवर पाहिलं, घरी केलं, बाहेर खाल्लं: नागपूरकरांनो, लिहा

परवा घरी मास्टरशेफ चालू होतं. सॉसचा एक थेंब ताटलीत भलतीकडे पडला म्हणून परीक्षकांचे चेहरे उतरले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अन् येवढंसं वाढलं त्याचं काही नाही का?" तेव्हापासून वाटतंय, हे कार्यक्रम, नवी हॉटेलं, वाइनच्या बातम्या यातलं आपल्या घरात नेमकं काय शिरलं आणि काय दारातूनच परत गेलं? फजिती असेल तर ती आधी सांगा.

माझं सांगते. 1993 मध्ये झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झालं. संजीव कपूर बोलायचे आणि आई पेन घेऊन भरभर लिहायची. मध्येच लाइन गेली की कृती अर्धी. तिच्या वहीतली एक पनीरची भाजी "कांदा गुलाबी होईस्तोवर" इथंच संपते. पुढचं तिनं स्वतः जुळवलं: खसखस, सुकं खोबरं, वरून भरपूर सांबार. (पुण्याच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं नव्हे.) आमच्याकडे आजही ती 'लाइनवाली भाजी'.

*

प्रतापनगर
2010 मध्ये मास्टरशेफ इंडियाचा पहिला हंगाम पंकज भदौरियांनी जिंकला. त्या लखनौच्या शिक्षिका. मीही शिक्षिका, त्यामुळे स्टाफरूममध्ये आमचीच कॉलर ताठ. त्या भरात मी भिशीच्या बायकांना वडाभात 'वेगळा करून' वाढला. भाताची मूद, बाजूला एकच वडा, लसणाच्या फोडणीचं तेल इवल्या वाटीत, कढीचे चार ठिपके. फोटो काढेस्तोवर वडा गार.

अहो, वडाभातात वडा गरम भातावर कुस्करायचा असतो, वरून कडकडीत तेल ओतायचं असतं. तेल वड्यात आणि वडा भातात गेला नाही तर राहिलं काय? एका काकूंनी न बोलता सगळं कालवलं, वाटी उपडी केली आणि म्हणाल्या, "आता झाला." भिशीत मला अजून 'शेफबाई' म्हणतात, प्रेमानं नाही.

*

महाल
आमच्याकडे टीव्हीची गरज नाही, स्पर्धा गल्लीत येते. एप्रिल 2017 मध्ये आपले शेफ विष्णू मनोहर यांनी नागपुरात सलग 53 तास स्वयंपाक केला. दुसऱ्या वर्षी चिटणीस पार्कवर 3000 किलो खिचडी. मी गर्दीत उभा होतो, द्रोण मिळाला. चव? खिचडीसारखी. पण ती कढई बघायलाच लोक आले होते.

*

मनीषनगर
पुण्याहून ऑफिसचे चौघं आले. सावजी खायचाच म्हणून हट्ट. इतवारीकडच्या एका जुन्या भोजनालयात नेलं. एकानं विचारलं, "मीडियम स्पायसी मिळेल?" वाढणाऱ्या पोराला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "भाऊ, तर्री बाजूले काढून दे." त्यानं वरचं तेल पळीनं सारलं, तिखट जिथल्या तिथं. ते काळपट मसाल्यातच असतं ना! दोघांना उचक्या लागल्या. तिसरा घाम पुसत दुसऱ्यांदा रस्सा मागत होता. चौथ्यानं दाल मागवली, तीही सावजीच निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आग्रहानं एका गच्चीवरच्या नव्या हॉटेलात 'सावजी पास्ता' खाल्ला. लाल रंगाचा, गोडूस. मला राग तिखट नसल्याचा नाही आला. दगडफूल, मिरे, कशाचाच पत्ता नव्हता. मग नाव कशाला घेता?

*

धरमपेठ
वाइनवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या सोसायटीत दोन तट पडले. पाऊणशेक किलोमीटरवर माझं सासर, वर्धा. तिथं 1974 पासून दारूबंदी. जावयानं "द्राक्षाचाच रस हो" म्हणून तिकडं समजावायला जाऊ नये, एवढं सांगतो.

नाशिकहून दोन बाटल्या आणल्या होत्या. रेड कपाटात ठेवली आणि मे महिना विसरलो. उघडली तर उकडलेल्या मनुक्यांचा वास. कूलर खोलीला असतो, कपाटाला नाही. दुसरी रेड मित्रानं सावजी मटणासोबत उघडायला लावली. तिखटावर तुरट वाइन म्हणजे आगीवर तेल, जीभ आणखी पोळली. पुढच्या खेपेला किंचित गोडसर शेनिन ब्लांक, म्हणजे पांढरी वाइन, फ्रीजमध्ये चांगली गार करून घेतली, ती पाटोडीच्या रश्शाबरोबर बरी लागली. बायकोचं मत: ताक स्वस्त पडतं.

*

धागाकर्ती
धरमपेठ, वहिनींना विचारा, ताकात जिरं भाजून घालतात की कच्चं? आणि प्रतापनगर, त्या काकूंना इथं लिहायला सांगा ना.