कळा सुरू झाल्या, पुढे काय? तुमच्या बाळंतपणाचे अनुभव लिहा

माझी लेक परवा सहा महिन्यांची झाली. मावसबहिणीला सदतिसावा आठवडा लागलाय. काल तिचा फोन आला, "ताई, खरं सांग, कसं असतं गं?" अर्धा तास बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे सगळं माझ्या एकटीचं. म्हणून हा धागा. नॉर्मल व्हावं म्हणून काय तयारी केलीत आणि प्रत्यक्षात काय झालं, ते लिहा. तिखटमीठ लावून घाबरवू नका, आणि "काही नसतं, होतं आपोआप" असंही नको. शेवट सिझरने झाला असेल तरी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते.

पुण्यात गर्भसंस्कारापासून श्वासाच्या वर्गापर्यंत सगळं केलं. फुलपाखरू आसन, मोठा चेंडू, शेवटच्या महिन्यात रोज खजूर, संध्याकाळी चालणं. डॉक्टरांनी दिलेली तारीख येऊन गेली, तरी काही नाही. (त्या तारखेलाच जन्मणारी बाळं फार थोडी. हे आधी कळलं असतं तर नातेवाईकांचे फोन तरी घेतले नसते.) शनिवारी रात्री दर आठ मिनिटांनी पोट दगडासारखं व्हायला लागलं. नवरा वेळा लिहीत होता, तेही एक्सेलमध्ये. बॅग, आई, सासू सगळे गाडीत. दवाखान्यात सिस्टरांनी तपासलं तर म्हणे, "दोन सेंटिमीटर. घरी जा, जेवा, झोपा." इतका अपमान वाटला! येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

पण त्या बरोबर होत्या. गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं, आणि पहिले चार-पाच सेंटिमीटर फार रेंगाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांत खरा जोर पाच सेंटिमीटरपासून धरलाय. त्याआधी तास मोजण्यात अर्थ नाही. मी रविवारभर वरणभात खाल्ला, गरम पाण्याने दोनदा अंघोळ केली, मध्येमध्ये झोपले. सोमवारी पहाटे कळ आली की बोलणंच बंद व्हायला लागलं. परत गेलो तेव्हा सहा सेंटिमीटर.

श्वासाच्या वर्गातलं पहिल्या तासात विसरले. कामाला आल्या दोन गोष्टी: माकडहाडाच्या जरा वर आईने मुठीने दाबणं, आणि ओणवं होऊन खालच्या पट्टीत ऊऊ करणं. चक्क म्हशीसारखं. आठ-नऊ सेंटिमीटरला मी सिस्टरांना सांगितलं, "मला जमत नाही, मला घरी जायचंय." त्या हसल्या, "असं म्हणायला लागली म्हणजे आलंच जवळ." मग शीला लागल्यासारखा दाब आला, तो मात्र आपण देत नाही, तो येतोच. डोकं बाहेर येताना जळजळतं. बाळ छातीवर ठेवलं आणि मला वाटलं सुटले, तर सिस्टर म्हणाल्या, "अजून वार पडायचीय." (वार म्हणजे प्लॅसेंटा, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती.) हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! नंतर अर्धा तास दात वाजत होते, थंडी नसताना. असं होतं म्हणे.

तासगावकडची

माझं दुसरं. पहिलं माहेरी, सोळा तास. दुसऱ्याला म्हटलं अजून वेळ आहे, म्हणून भाकऱ्या उरकत बसले. चौथ्या भाकरीला तव्यापाशी उभं राहवेना. १०२ ची गाडी बोलावली, आरोग्य केंद्रात पोचून वीस मिनिटांत मोकळी झाले. दुसरटकरणींनो, भाकऱ्या राहू द्या.

आजींचं, नात टाइप करतेय

आजी म्हणते, "आमच्या वेळी कसली तारीख? नववा लागला की लागला." १९७१ साल, वाई तालुका, घरातच. आढ्याला दोर बांधला होता, तो धरून ती उकिडवी बसायची. सुईण समोर. कळ ओसरली की तिला खोलीत फिरवायची, कळ आली की दोर. आजीची पाच झाली, त्यातलं तिसरं आडवं होतं, ते गेलं. एवढं बोलून आजी थांबली. मग म्हणाली, "तुमचं दवाखान्यात होतं ते बरंच आहे. फक्त उताणी झोपवू नका म्हणावं."

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

इथे सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर दिसतही नाही, सुईणच बघते. सुईण म्हणजे शिकलेली, परवानाधारक, गाडीतून येणारी. घरी बाळंत व्हायचं का दवाखान्यात, ते आपण ठरवायचं. मी घरी ठरवलं आणि आईला फोनवर सांगितलंच नाही. आठव्या महिन्यात विमा कंपनीकडून खोकं आलं: पॅड, गॉज, नाळेची चिमटी, सगळं. पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून तो उंच करावा लागतो, बाळंतिणीकडे बघणाऱ्या बाईची कंबर जाऊ नये म्हणून. नवऱ्याला वाटलं गंमत करतायत.

पाणी गेलं रात्री दोनला, मुलगा झाला सकाळी अकराला, बराचसा वेळ मी शॉवरखाली. नाळ लगेच कापली नाही, धडधड थांबेपर्यंत सुईण थांबली. नंतर आठ दिवस घरी बाई येत होती, टाके बघायला, बाळाला न्हाऊ घालायला, मला बसून खा म्हणायला. पाहुण्यांना इथे रस्कवर साखरेचे रंगीत दाणे घालून देतात. आत बडीशेपेसारखं बी असतं. हे व्हिडिओ कॉलवर दाखवल्यावर आईचा राग गेला. "म्हणजे शेपाच की गं!"

नाशिक

मी लिहू की नको करत होते. पाणी गेलं, कळा नाहीत. ड्रिप लावली. ड्रिपच्या कळा एकामागून एक, मध्ये उसंत नाही. सात सेंटिमीटरवर पाच तास अडलं, मग बाळाचे ठोके खाली यायला लागले आणि पळत थिएटरमध्ये नेलं. लेक ठणठणीत. पण बारशाला चार जणींनी विचारलं, "नॉर्मलचा प्रयत्न नाही केला का?" चौदा तास काय मी पत्ते खेळत होते? देशात सिझर वाढलीत हे मलाही माहितेय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एकूण २१.५ टक्के, आणि खासगी दवाखान्यांत ४७.४. त्यातली किती गरजेची, यावर भांडा, जरूर भांडा. बाळंतिणीशी नको.

एक बाबा

माझा अनुभव व्हरांड्यातला. सिस्टर दार उघडून म्हणाल्या, "बाळाची टोपी आणि दुपटं द्या." बॅगेत वर होतं: चार्जर, खाकरे, बायकोची उशी, सासूबाईंचे डिंकाचे लाडू. टोपी तळाशी. सगळं बाकावर उपसलं, समोरचे आजोबा लाडवांकडे बघत होते. बाळाचे पहिले कपडे वेगळ्या पिशवीत, सगळ्यात वर. एवढंच.

लेबर रूममधली सिस्टर, एकोणीस वर्षं

वर सगळ्यांनी छान लिहिलंय. माझी थोडी भर.

कळा नियमित, मिनिटभर टिकणाऱ्या आणि चार-पाच मिनिटांवर आल्या की या. घर लांब असेल किंवा दुसरं असेल तर आधीच. पण पाणी गेलं, रक्त गेलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट बघायची नाही. पाणी हिरवट असेल तर बाळाने आत शी केलीय, लगेच निघा. सदतीस आठवडे भरायच्या आत काहीही सुरू झालं तरी लगेच.

शेवटच्या महिन्यात वाटीवाटी तूप प्यायल्याने बाळ सुरकन येत नाही. तूप पोटात जातं, बाळाच्या वाटेत नाही. आणि एरंडेल घरच्या घरी घेऊ नका, उलट्याजुलाब घेऊन आलेली बाई कळा कशा देणार?

सोबत कोणीतरी असावं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या "लक्ष्य" कार्यक्रमात सरकारी प्रसूतिगृहांतही सोबतीणीची सोय धरलीय, आपल्याकडे आहे का ते आधीच विचारून ठेवा. बाळाची वाट मोठी करायला सरसकट खाली काप घ्यायची आता गरज मानत नाहीत, तेही विचारा. पाणी, सरबत, थोडं खाणं चालतं, डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर.

ती मावसबहीण

ताई, सगळं वाचलं. बॅग परत भरली, टोपी वर. नवऱ्याला कमरेवर मूठ दाबायला शिकवतेय, तो विचारतो, कणकेसारखं मळू का? एकच राहिलं, इथे विचारते. एनिमा देतात का अजून? आणि मध्येच शी झाली तर?

सिस्टर

आमच्याकडे एनिमा कधीच बंद झाला. आणि शी होते गं, बऱ्याच जणींना होते. आम्ही पुसून टाकतो, तुला कळणारही नाही.